मौलवीसाहेबांची खिडकी

त्या वर्षी हेरातच्या तांबट आळीत कुणाची भरभराट झाली असेल, तर ती तवाब गवंड्याची. हुकूमच तसा निघाला होता. ज्या खिडकीतून शेजारच्या घरचं अंगण, विहीर किंवा चूल दिसते, ती खिडकी बुजवायची. कारण चुलीपाशी बाई असते, आणि बाई दिसली की पुरुषाचं चित्त ढळतं. दवाखान्यात औषध नव्हतं, नळाला पाणी नव्हतं, पण पुरुषांचं चित्त जागच्या जागी राहावं याची राज्यकर्त्यांना रात्रंदिवस काळजी. तवाब विटा रचत होता आणि राज्यकर्त्यांना दुवा देत होता.

आळीतल्या खिडक्या हेरायचं काम मौलवी हिजरतुल्ला यांच्याकडे होतं. ते नीतीच्या कचेरीतले मोठे साहेब. रोज गल्लीतून मान वर करकरून हिंडायचे आणि कुठल्या खिडकीतून कुणाची बायको दिसते हे स्वतः नीट पाहून मगच ती बुजवायला लावायचे. सगळी आळी अशी आंधळी झाली. एकच खिडकी त्यांच्या नजरेतून सुटली, ती त्यांच्या स्वतःच्या नव्या माडीची. ती नेमकी शकेबाच्या तंदुरावर उघडत होती.

शकेबा एके काळी मुलींच्या शाळेत गणित शिकवायची. मग सहावीपुढच्या मुलींच्या शाळांना कुलपं लागली. नवरा इराणात बांधकामावरून पडून गेला. घरात उरले ती आणि सासरे, उस्ताद गौसुद्दीन. उभा जन्म तांब्याच्या घागरी ठोकण्यात गेल्यामुळे म्हातारा जवळजवळ ठार बहिरा होता.

रोज सकाळी आळीतल्या मुली डोक्यावर कणकेच्या पराती घेऊन शकेबाच्या तंदुरावर रोट्या भाजायला यायच्या. मुलींनी रोट्या भाजू नयेत असा हुकूम अजून निघाला नव्हता. तंदूर तापेपर्यंत शकेबा काळ्या पाटावर पीठ पसरायची आणि बोटाने आकडे काढायची. कालची शिळी रोटी तोडून अर्धा, पाव, तिसरा हिस्सा दाखवायची. दार वाजलं की पिठावरून एकदा हात फिरवायचा. गणित संपलं, स्वयंपाक सुरू.

सगळं सुरळीत चाललं होतं, आणि मग त्या खिडकीचा पडदा हलायला लागला.

"बाई, पुन्हा हलला," नीलाब पुटपुटली. ती सगळ्यांत मोठी आणि सगळ्यांत भित्री.

"वारा असेल."

"वारा काय फक्त गणिताच्या वेळी सुटतो?"

शकेबाने वर पाहिलं नाही. पडद्याआड कुणीतरी रोज उभं राहत होतं. कधीतरी ते मौलवीला सांगणार, आणि मग या मुलींच्या बापांना फटके, तिला कोठडी, आणि तंदुराला कुलूप. मुलींना येऊ नका म्हणावं, तर त्यांचं उरलंसुरलंही संपलं. घरात बसवून शिकवावं, तर एकच खोली, तिथे उजेड नाही. दोन दिवस तिला जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी ती चुलीपाशी बसल्या बसल्या एकटीच हसली. ज्या कायद्याने सगळ्या आळीला छळलं होतं, तो कायदा एकदा आपणही वापरून पाहू, असं तिने ठरवलं.

बाईने एकटीने कचेरीत जायचं नाही. घरचा पुरुष, म्हणजे मेहरम, सोबत हवा. तिने सासऱ्यांना धुतलेला फेटा बांधला आणि हाताला धरून नेलं.

मौलवीसाहेब गादीवर बसले होते. बुरखा दिसताच त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

"साहेब, माझी तक्रार आहे," शकेबा म्हणाली.

"गप्प," मौलवी भिंतीला म्हणाले. "बाईचा आवाज परक्या पुरुषाच्या कानी पडता कामा नये. काय असेल ते तुझ्या मेहरमला सांग. तो मला सांगेल."

"जशी आज्ञा," असं ती बोलणार होती, पण ते तरी कसं बोलायचं? ती सासऱ्यांकडे वळली.

"बाबा, यांना खिडकीचं सांगा."

"मोठ्यानं बोल, सूनबाई."

"खिडकीचं, बाबा!"

"अगं, तोंडात बोळा का घातलायस? नीट बोल की."

शकेबाने दीर्घ श्वास घेतला. वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा तिचा जुना आवाज तिने कितीतरी दिवसांनी बाहेर काढला. "माझ्या तंदुरावर परक्या घराची खिडकी उघडते, बाबा! ती बुजवायला सांगा!"

कचेरी हादरली. बाहेरचे पहारेकरी दारात गोळा झाले. दाढी मोजून घ्यायला रांगेत उभी केलेली माणसंसुद्धा मान लांब करून बघू लागली. मौलवींनी दोन्ही कानांत बोटं घातली. त्यामुळे मग म्हातारा काय म्हणाला ते त्यांना ऐकूच गेलं नाही. बोटं काढून त्यांनी पुन्हा विचारलं, म्हाताऱ्याने पुन्हा सुनेला विचारलं, आणि सून पुन्हा गरजली. असं बराच वेळ चाललं.

शेवटी मौलवींनी घाम पुसला. चारचौघांसमोर माघार कशी घ्यायची? त्यांनी निवाडा दिला. "मेहरम बहिरा असेल तर बाईने त्याच्याशी मोठ्यानं बोलावं. नाइलाज आहे. त्यात पाप नाही. आता विचार, खिडकी कुणाची?"

हा प्रश्न म्हाताऱ्याच्या कानावर पहारेकऱ्याने ओरडून घातला. बहिरी माणसं बोलतात तशा दणदणीत आवाजात म्हातारा म्हणाला, "तुझीच की रे, पोरा! तुझ्या माडीची! माझी सून भाकरतुकडा भाजते अन् तुझ्या घरातनं दिसतं. लाज वाटत नाही?"

रांगेत कुणीतरी खोकला. खोकलाच असेल.

दुसऱ्या दिवशी तवाब गवंडी विटा घेऊन मौलवींच्या माडीवर चढला. मौलवींनीही बाजी आपल्याकडे वळवली. खाली गल्लीत उभे राहून ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते, "कायद्याची सुरुवात घरापासून करावी लागते." तंदुरापाशी मुली तोंडाला ओढणी लावून हसत होत्या. शकेबा पाटावर अर्धा आणि तिसरा हिस्सा यांची बेरीज मांडत होती. "आधी तुकडे सारखे करून घ्यायचे," ती म्हणत होती, आणि वर शेवटची वीट बसली. त्या दिवशी ती पोटभर जेवली.

शुक्रवारी दुपारी आळीतले झाडून सगळे पुरुष मशिदीत होते, तेव्हा दार वाजलं. दारात एक कोवळी बाई, हातात झाकलेला वाडगा. बुरख्याची जाळी वर करून ती म्हणाली, "मी बसगुल. शेजारची. मौलवींची धाकटी बायको."

बसगुल, म्हणजे पुरे झाल्या मुली. ज्या घरात मुलींचा कंटाळा येतो तिथलं नाव. शकेबा आत या म्हणाली, कारण दुसरं काही सुचेना.

बसगुलने वाडगा खाली ठेवला. त्यात काहीच नव्हतं. "कुणी अडवलंच तर दाखवायला आणला," ती म्हणाली. "खाला, वेळ नाहीये. एवढंच विचारते. तुकडे सारखे केले, मग पुढे काय करायचं?"

"काय?"

"अर्धा आणि तिसरा हिस्सा. तुम्ही म्हणालात, आधी तुकडे सारखे करायचे. तेवढ्यात भिंत झाली. मी चार दिवस अंधारात विचार करतेय. मला नाही जमत."

बसगुल पाटापाशी उकिडवी बसली आणि तिने पिठात भराभर आकडे काढले. सगळे उलटे. वरून, समोरच्या बाजूने, तिला ते तसेच दिसले होते. "फक्त एक विचारू? तुमची गणितं अधूनमधून चुकायची. तीन आणि चार किती, तर तुम्ही आठ लिहायच्या. मी बोटांवर किती वेळा मोजलं. म्हटलं, शिकलेल्या बाई आहेत, आपलंच चुकत असेल."

त्यांच्या लिपीत सातचा आकडा उलटा केला की आठ होतो. शकेबाने तिचा हात धरून सात सुलटा काढून दाखवला. बसगुल त्याच्याकडे बघत राहिली आणि मग तिला इतकं हसू आलं की डोळ्यांत पाणी आलं. शकेबाच्याही आलं, पण ते हसण्याचं नव्हतं. जिला ती हेर समजली, ती तिची सगळ्यांत मन लावून शिकणारी विद्यार्थिनी होती. आणि तिच्या तोंडावर विटा आपणच रचायला लावल्या. शकेबाला स्वतःची मनस्वी लाज वाटली.

"मला माहीत नव्हतं गं," ती म्हणाली. "मला वाटलं, पडद्याआड..."

"तेच वाटणार. माझ्या घरातनं दुसरं काय दिसणार कुणाला?" बसगुल उठली. "पुन्हा नाही येता यायचं. ते नमाजाहून येतील. स्वयंपाकघरात आता दिवसाही दिवा लावावा लागतो. ते म्हणतात, पुण्याला थोडा अंधार सोसावाच लागतो." तिने जाळी खाली ओढली.

शनिवारी सकाळी शकेबाने सासऱ्यांची घोंगडी उचलली आणि त्या बुजवलेल्या खिडकीखाली, मौलवींच्या भिंतीलगत अंथरली. म्हाताऱ्याला भिंतीला टेकवून बसवलं, हातात चहा दिला. मुली बघत राहिल्या.

मग ती ओरडली. "बाबा! तुकडे सारखे केले! अर्ध्याचे झाले तीन, तिसऱ्या हिश्श्याचे झाले दोन! आता वरचे मिळवा, बाबा! खालचे नाही!"

"बाई!" नीलाब घाबरली. "बाहेर ऐकू जातंय!"

"जाऊ दे. बहिऱ्या मेहरमशी मोठ्यानं बोलायला परवानगी आहे. मौलवीसाहेबांचाच निवाडा आहे."

आळीने चार दिवस कान टवकारले, मग सवय झाली. स्वतः मौलवी गल्लीत सांगायचे, "म्हातारा चळलाय, सारखं रोट्यांचं मोजमाप विचारतो. पण ती सून बघा, घसा फोडून सेवा करते. आपल्या बायकांनी शिकावं." ते असं म्हणायचे तेव्हा वरच्या अंधाऱ्या स्वयंपाकघरात त्यांची बायको भिंतीला कान लावून उभी असायची.

एके सकाळी शकेबाने तंदुरात लाकडं सारली आणि मान वर करून विचारलं, "बाबा! तीन आणि चार किती?"

भिंतीआडून बत्त्याचे ठोके येऊ लागले.

"काय ठोकतेस गं?" मौलवींचा आवाज आला.

"लसूण," बसगुल म्हणाली, आणि ठोकत राहिली. भिंतीला टेकलेल्या म्हाताऱ्याला ते ठोके पाठीत जाणवत होते. जन्मभर ठोक्यांत राहिलेला माणूस, तो एकेक बोट उघडत गेला. सहा. सात. शकेबा हातातलं लाकूड तसंच धरून उभी राहिली.

आठवा ठोका पडला नाही.