लाईट गेली की आपोआप बंद

फुकट ते पौष्टिक, यावर एलिकेमची भारी श्रद्धा. होहोए गावच्या टेक्निकल कॉलेजात शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट क्लाउडवरच चालवून दाखवायचा, असा नियम. आणि डिपार्टमेंटचं क्लाउडचं खातं मात्र 'तांत्रिक कारणामुळे' वर्षभर बंद. "आपापली सोय बघा," असं डझिग्बोडी मॅडमनी सांगून टाकलं.

एलिकेम सोय बघायला लागला. जिथे तिथे वर मोठ्ठं 'फुकट' आणि खाली बँकेच्या कार्डाचा नंबर मागायचे. कार्ड कुणाकडे असणार? सगळ्यांचे पैसे फोनमध्ये! तीन आठवडे डोकेफोड करून त्याने बिनकार्डाची एक विद्यार्थी योजना शोधलीच. एका गटाला एकदाच, मशीन चालू राहील तेवढे मोजून दोनशे तास. तेव्हापासून गड्याचे पाय जमिनीला लागेनात. खालच्या वर्गातली पोरं 'एफो एलिकेम, एफो एलिकेम' करत सल्ला विचारायला यायची आणि हा दादा मान वर करून द्यायचा.

गटात दोघंच, तो आणि सेनाम. दवाखान्यात ताटकळणाऱ्या माणसाला आपला नंबर घरबसल्या फोनवर कळावा, असा त्यांचा प्रोजेक्ट. तो सगळा सेनामने लिहिला. एलिकेमने, त्याच्याच शब्दांत, 'व्यवस्थापन' केलं. सेनामची राजधानीत, आक्र्यात नोकरी ठरली होती, पण पास झाली तरच. प्रोजेक्ट बुडाला तर नोकरी गेली आणि वर्ष पुन्हा.

शुक्रवारी संध्याकाळी साठ तास शिल्लक होते. सोमवारी दाखवायला एक तास पुष्कळ. तेवढ्यात लाईट गेली. कॉलेजच्या लॅबमध्ये मशीन कुणी हाताने बंद करत नसे. म्हातारी मशीनं, एकदा निजली की उठतील याचा भरवसा नाही. लाईट गेली की सगळं आपोआप बंद, ही तिथली जुनी रीत.

"क्लाउडवरचं मशीन बंद केलंस ना रे?" सेनामने दारातून विचारलं.

"अगं, लाईट गेली ना आता? चल, भूक लागलीय."

एलिकेमला समजत नव्हतं असं नाही हं! क्लाउडचं मशीन समुद्रापलीकडे असतं, यावर त्याने परीक्षेत पानभर लिहून दहापैकी नऊ मिळवले होते. पण परीक्षा वेगळी आणि सवय वेगळी. तो जाऊन भेंडीच्या रश्श्याबरोबर पोटभर आकप्ले जेवला आणि दोन दिवस निवांत झोपला.

सोमवारी सकाळी पडद्यावर एकच ओळ होती. तुमचे मोफत तास संपले आहेत.

"साठ तास होते!" सेनामचा आवाज चढला. "कुठे गेले?"

"शुक्रवारी लाईट गेली तेव्हा..."

"कुणाची लाईट, दीडशहाण्या? त्यांच्याकडे जाते का लाईट?"

मग ती डोळे पुसायला लागली. एलिकेमला वाटलं, हिने दोन कानाखाली वाजवल्या असत्या तर बरं झालं असतं.

मॅडम वही घेऊन आल्या. "हं, दाखवा."

एलिकेम उभा राहिला. "मॅडम, प्रोजेक्ट सेनामचा आहे आणि शुक्रवारपर्यंत उत्तम चालत होता. बुडवला मी. लाईट गेली म्हणून मशीन बंद झालं असं समजलो. नापास मला करा, हिला नको. हा मूर्खपणा माझ्या एकट्याचा आहे."

कुणीतरी मागे फिसकन हसलं. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी वही मिटली आणि खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या.

"सेनाम, तुझ्या लॅपटॉपवर चालतंय ना? तिथेच दाखव. आज क्लाउडची अट नाही."

"पण मॅडम, नियम..."

"नियम मीच केलाय." त्या एलिकेमकडे वळल्या. "एलिकेम, एक कागद घे. मोठ्या अक्षरात लिही, लाईट गेली तरी क्लाउडवरचं मशीन आपल्या हाताने बंद करा. दाराला लाव. खाली हा मूर्खपणा केलेल्यांची नावं घाल."

एलिकेमने लिहिलं आणि खाली आपलं नाव घातलं.

"तुझं नाव दुसरं," मॅडम म्हणाल्या. "डिपार्टमेंटचं खातं गेल्या वर्षी कसं बंद पडलं, असं वाटतं तुला? वर माझं नाव लिही."