मूळ नमुने सांभाळणारा फ्रीझर

मी एक जुना डीप फ्रीझर आहे. मित्रांनो, तुमच्या घरी दूध आणि बर्फ सांभाळणारा जो असतो, तो माझा चुलतभाऊ म्हणा. पण माझ्या पोटात उणे ऐंशी अंशांची थंडी असते, आणि त्या थंडीत मी फ्लू झालेल्या माणसांच्या घशातून घेतलेले नमुने जपतो. आपली कथा जन्मापासून सांगावी, एवढे मला कळते. तरी मला आधी तो दिवस आठवतो, ज्या दिवशी विशेष काहीच घडले नव्हते.

सकाळी मोठ्या बाई आल्या. त्या प्रयोगशाळेच्या प्रमुख. त्यांची लेकही इथेच काम करते, म्हणून सगळे आईला मोठ्या बाई आणि लेकीला धाकट्या बाई म्हणतात. मोठ्या बाईंनी माझे दार लोटून बंद केले आणि कान लावून ऐकले.

"काय म्हातारबुवा, आज कुरकुर फार?"

"तो ठीक आहे. तूच सकाळपासून खोकतेयस," लेक म्हणाली.

"घसा बसलाय जरा. तू माझी आई होऊ नकोस."

"मग तू ऐकणार कोणाचं?"

"कोणाचंच नाही. या वयात नव्या सवयी कुठे लावून घेऊ?"

दोघी हसल्या. काचसामान धुणाऱ्या मावशींनी दाराबाहेरच्या टेबलावर चहा आणून ठेवला. मोठ्या बाई तो अर्धाच पिऊन कामाला लागल्या, आणि संध्याकाळी अंगात कणकण आहे म्हणून लवकर घरी गेल्या. त्यानंतर त्या या खोलीत आल्या नाहीत.

आता सुरुवातीचे सांगतो. एका कारखान्यात पत्रे वाकवून, दोन कॉम्प्रेसर बसवून मला घडवले. इथे आलो तेव्हा दाराची चौकट काढल्याशिवाय मी आत मावेना. मोठ्या बाई तेव्हा तरुण होत्या. त्यांची लेक शाळा सुटली की बाहेरच्या व्हरांड्यात बसून आईची वाट बघायची आणि दारातून ओरडून विचारायची, "आतले विषाणू जिवंत आहेत का गं?" आई म्हणायची, "झोपलेत. तुझ्या आवाजानं उठतील." पाहुणे आले की मला मानाने दाखवले जाई. माझ्या अंगाची चकाकी पुढे गेली, रबर झिजले, पण थंडी मी कधी सोडली नाही.

माझे काम समजायला थोडे विषाणूबद्दल सांगायला हवे. फ्लूचा विषाणू दरवर्षी थोडाथोडा बदलतो. लस मात्र कित्येक महिने आधी तयार करावी लागते. म्हणून आमच्या प्रयोगशाळेत रुग्णांकडून आलेल्या विषाणूच्या जनुकांची अक्षरे वाचतात आणि ती लसीतल्या विषाणूच्या अक्षरांशेजारी मांडतात. कुठे किती फरक पडला ते बघतात. फरक फार असेल, तर पुढच्या मोसमाची लस बदलावी असे कळवतात.

कधी नमुन्यात विषाणू इतका कमी असतो की तो नेहमीच्या पद्धतीने वाचताच येत नाही. मग तो प्लास्टिकच्या बशीत पेशींवर वाढवतात. पण विषाणूही मोठा चतुर. बशीत राहायला मिळाले की तो बशीला सोयीचा होतो, आणि त्याचे एखादे अक्षर तिथेच बदलते. म्हणून प्रत्येक नमुन्याचा थोडा भाग हात न लावता मूळ स्थितीत ठेवायचा असतो. तो भाग माझ्याकडे असतो.

त्या मोसमात आलेले नमुने अगदी अशक्त होते. मोठ्या बाईंनी ते सगळे बशांमध्ये वाढवले, आणि प्रत्येकात तेच एक अक्षर बदललेले निघाले. "विषाणू लसीपासून दूर गेलाय," त्या म्हणाल्या. "एवढ्या बशांमध्ये एकच चूक कशी होईल?" लेक माझ्यासमोर उभी होती. तिने माझ्या दाराकडे हात नेला, आणि काही न विचारताच मागे घेतला. इथे मोठ्या बाईंना कोणी घाबरत नसे. पण पूर्वी एकदा सगळी बैठक त्यांच्या विरोधात असताना त्याच खऱ्या ठरल्या होत्या, आणि तेव्हापासून त्यांचे म्हणणे तपासून बघायची सवयच सगळ्यांची मोडली होती.

मग त्या स्वतःच फ्लूने आजारी पडल्या. लस त्यांनी घेतली होती. तरी छाती भरली, दवाखान्यात न्यावे लागले, आणि आठवडा पुरा व्हायच्या आत त्या गेल्या.

दवाखान्याने त्यांच्या घशाचा नमुना आमच्याकडेच पाठवला, कारण सगळे नमुने इथेच येतात. कुपीवर नाव नव्हते, फक्त क्रमांक होता. धाकट्या बाईंना तो क्रमांक माहीत होता. सुतक संपायच्या आधी त्या कामावर आल्या आणि म्हणाल्या, हा मीच वाचणार. या नमुन्यात विषाणू भरपूर होता, बशीची गरजच पडली नाही. वाचून झाल्यावर त्यांनी ती अक्षरे लसीच्या अक्षरांशेजारी मांडली. ते बदललेले अक्षर तिथे नव्हते. विषाणू लसीतल्या विषाणूशी जवळजवळ तंतोतंत जुळत होता.

दुसऱ्या दिवशी संस्थेचे संचालक भेटायला आले.

"लस बदलावी, असा मोठ्या बाईंचा अहवाल तयार आहे. त्यांचं शेवटचं काम. आहे तसाच पाठवू या."

"सर, एक नमुना बाकीच्यांशी जुळत नाहीये."

"एखादा असतोच की वेगळा. आणि तो कोणाचा, ते मलाही ठाऊक आहे. कशाला जिवाला त्रास करून घेतेस, बाळ? त्या गेल्या. आता त्यांना खोटं पाडायचं?"

"पाडायचं नाही. बघायचंय. मूळ नमुने आहेत अजून."

मित्रांनो, तोवर शेजारी नवा फ्रीझर आला होता. त्याच्या दारावर आकडे चमकत. माझ्या पोटातले बाकी सगळे त्याच्याकडे गेले होते, आणि मला भंगारात काढायचा कागदही निघाला होता. फक्त त्या मोसमाचे खण हलवायचे राहिले होते. माझा एक कॉम्प्रेसर धापा टाकत होता. तरी मी एकही कुपी वितळू दिली नाही.

धाकट्या बाईंनी मूळ नमुने एकेक करून बाहेर काढले. थोड्या विषाणूवरही चालेल अशी एक वेळखाऊ पद्धत असते, त्या पद्धतीने ते वाचले. मला वाटते, आईचे म्हणणे बरोबर निघावे असे त्यांना मनातून वाटत होते. विषाणू लसीला चुकवून निसटला असता, तर आई का गेली याचे काही उत्तर हाती लागले असते. तसे झाले नाही. एकाही मूळ नमुन्यात ते अक्षर बदललेले नव्हते. बदल बशीत झाला होता. लस जुळत होती, तिने पुष्कळांना वाचवलेही असेल. या एका थकलेल्या छातीला ती पुरली नाही.

तो अहवाल तसाच गेला असता, तर चांगली लस विनाकारण बदलली गेली असती आणि लोकांचा तिच्यावरचा विश्वास उडाला असता. धाकट्या बाईंनी तो सगळा पुन्हा लिहिला. आईचे नाव मात्र पहिलेच ठेवले.

उद्या मला न्यायला माणसे येणार आहेत. माझे मागणे लहान आहे. मित्रांनो, जे वाढवलेले, सजवलेले, कुणी मोठ्याने सांगितलेले आहे, ते जरूर ऐका. पण त्याचे मूळ कुठेतरी नीट जपून ठेवा. आणि जो ते जपतो, त्याच्या अंगावरचा बर्फ अधूनमधून खरवडत जा.

आज दुपारी अहवाल रवाना झाला. खोलीत दुसरे कोणी नव्हते. धाकट्या बाईंनी माझा शेवटचा खण रिकामा केला, मागची कळ बंद केली, आणि मी गप्प झालो. हातमोजे काढून त्यांनी माझ्या दारावर तळवा टेकला. आवाज अगदी साधा होता, समोर बसलेल्या माणसाशी बोलावे तसा.

"आई, तुझं चुकलं होतं. मला तेव्हाच वाटलं होतं." त्यांनी माझ्या दाराच्या कडेचा बर्फ नखाने खरवडला. "या वेळी तुझं चुकलं गं, आई."