बाक क्रमांक तीन

फळ्यावर वर्तुळ आणि त्रिज्या काढून सरांनी तिच्या टोकाला स्पर्शिका ओढली आणि हाताला लागलेला खडू झटकत ते वर्गाकडे वळले. शेवटच्या रांगेतल्या मुलाचे ओठ हलत होते.

"सर, तो विचारतोय, इथे कोन नेहमी काटकोनच का येतो?" पहिल्या रांगेतून भोंगा म्हणाली.

"चांगला प्रश्न," सर त्या मुलाकडे पाहून म्हणाले आणि पुन्हा फळ्याकडे वळले.

भोंगा हे नाव तिला वर्गानेच ठेवलं होतं. बोलायला लागली की दोन खोल्या पलीकडे ऐकू जायचं. ती आगाऊ आहे, असं सरांनाही सुरुवातीला वाटलं होतं. मग एकदा त्यांच्या लक्षात आलं, की बोलण्याआधी ती मान वर करते, तोंडासमोरचा हात बाजूला घेते आणि ते आपल्याकडे बघेपर्यंत थांबते. त्या दिवशी त्यांनी तास थोडा लवकर संपवला होता.

डावा कान कधीचाच गेला होता, उजवाही आता मुलांचे बारीक आवाज सोडून देत होता. कानात घालायचं यंत्र घरी कपाटात पडून होतं. ते लावून शाळेत गेलं, तर निवृत्तीनंतर वर्षाच्या वर्षाला मिळणारी नेमणूक पुढच्या वर्षी मिळेलच याची खात्री नव्हती. हे फक्त बायकोला ठाऊक होतं. आणि वर्गाला. पण वर्गात कुणी कधी तसं बोलून दाखवलं नाही. नवा मुलगा वर्गात आला, तर चार दिवसांत तोही सरांपुढे येऊन, तोंड वर करून बोलायला शिकायचा.

या वर्षी फळ्याच्या वर एक पांढरी डबी आली होती. तिला सगळे साहाय्यक म्हणायचे. ती वर्गातलं बोलणं ऐकायची आणि कुणी किती वेळा बोललं, कुणाचं लक्ष होतं, कुणाचं नव्हतं, याचा अहवाल तयार करायची. ती बसवायला आलेला कंपनीचा माणूस शिक्षकांना म्हणाला होता, "मुलांची नावं कुठेही साठवली जात नाहीत. फक्त बाकाचा क्रमांक जातो. अगदी निर्धास्त राहा."

"म्हणजे आता बाकं बोलायला लागणार," चित्रकलेच्या बाई म्हणाल्या होत्या, आणि सगळे हसले होते. सरही हसले होते, बाकीच्यांचे चेहरे पाहून, जरा मागाहून.

सहामाहीनंतर मुख्याध्यापिकांनी त्यांना बोलावलं. त्या कधीकाळी याच शाळेत सरांच्या विद्यार्थिनी होत्या. सर आत आले की त्या अजूनही अर्ध्या उठायच्या. सरांनी खुर्ची जरा तिरकी करून घेतली, उजवा कान त्यांच्याकडे येईल अशी.

"बाक क्रमांक तीन," मॅडमनी संगणकाचा पडदा त्यांच्याकडे वळवला. "इतरांच्या बोलण्यात वारंवार व्यत्यय. दुसरा कुणी बोलला की तेच वाक्य पुन्हा मोठ्याने उच्चारणे. लक्ष वेधून घेण्याची प्रवृत्ती. समुपदेशन सुचवले आहे."

सरांनी चष्मा काढून पुसला.

"हे तिच्या घरी गेलंय का?"

"आपोआपच जातं, सर. पालकांच्या फोनवर."

"पण नाव नसतं म्हणाले होते."

"नाव नाहीच आहे. पण तीन नंबरच्या बाकावर कोण बसतं, ते तिच्या बापाला माहीत नसेल का?" मॅडमनी टेबलावरची पेन्सिल उचलली, पुन्हा ठेवली. "गंमत म्हणजे बाकीच्या तासांना ती असं करत नाही. फक्त तुमच्याच. तुम्हाला त्रास होतो का तिचा?"

"नाही."

"मग काही कारण असेल तर सांगा. मी नोंद करू शकते."

त्यांनी आवाज चढवला नव्हता, पण प्रत्येक शब्द सुटा सुटा म्हटला होता. सरांनी चष्मा घातला. मॅडम त्यांच्याकडेच बघत होत्या.

"उत्साही मुलगी आहे, दुसरं काय," सर म्हणाले आणि उठले.

त्या आठवड्यात भोंगाला समुपदेशक बाईंकडे पाठवलं. शिक्षकांच्या खोलीत चहा पिताना त्या बाईच सरांना सांगत होत्या, "साधी आहे हो पोर. मी विचारलं, का करतेस असं? तर म्हणते, मला सवयच आहे बडबडीची, माझंच चुकतं. रडलीबिडली नाही. पण वडिलांनी नाटकातून नाव काढलंय म्हणे. आवाजाचे लाड बंद."

सरांच्या हातातला कप तसाच राहिला. वार्षिक कार्यक्रमाच्या नाटकात तिला राणीचं काम मिळालं होतं. मागच्या खुर्चीपर्यंत पोचेल असा दुसरा आवाज शाळेत नव्हता.

घरी त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. ती त्यांच्या समोर येऊन बसली, नेहमीसारखी तोंडासमोर तोंड करून.

"सांगून टाका," ती म्हणाली. "पोरीच्या आडून किती दिवस बसणार?"

"सांगितलं तर सगळं संपलं."

"मग संपू दे."

दुसऱ्या दिवशी सर मॅडमच्या खोलीत गेले ते यंत्र कानात घालूनच. मॅडमनी ते पाहिलं आणि उठून दार लावलं.

"मला ऐकू येत नाही," सर म्हणाले. "ती मला सांगत असते, मुलं काय विचारतात ते. व्यत्यय वगैरे काही नाही."

मॅडम पुन्हा खुर्चीत येऊन बसल्या.

"मला अंदाज होता, सर. अंदाज होता तोवर मला काही करावं लागत नव्हतं."

"तिची ती नोंद काढा."

"काढता येत नाही. फार तर खाली शेरा जोडता येतो."

"मग शेरा जोडा."

"शेऱ्यात कारण लिहावं लागतं. आणि शेरा जिथे अहवाल गेला, तिथे सगळीकडे जातो. वर संस्थेतसुद्धा." त्यांनी सरांकडे पाहिलं. "पुन्हा एकदा विचार करा."

"लिहा तुम्ही," सर म्हणाले.

शेऱ्यात त्यांचंही नाव नव्हतं. 'संबंधित शिक्षकांस श्रवणदोष असल्याने' एवढंच होतं. संध्याकाळपर्यंत ते पालकांच्या गटावर पोचलं. आमच्या मुलांनी दोन वर्षं भिंतीला प्रश्न विचारले का, असं कुणीतरी लिहिलं. त्यावर हसणारे चेहरे आले. कुणी निकालांची चौकशी मागितली. कुणी लिहिलं, माझा मुलगा म्हणतो की सर फार छान शिकवतात. त्याला कुणी उत्तर दिलं नाही.

महिनाअखेरीस सरांचे तास बंद झाले. शाळेने वाऱ्यावर सोडलं नाही, असं मॅडमनी दोनदा सांगितलं. जिन्याखालच्या खोलीत परीक्षेचे कागद मोजून गठ्ठे बांधायचं काम होतं, वर्ष संपेपर्यंत. सरांनी मान हलवली. तिथे कुणी प्रश्न विचारणार नव्हतं.

भोंगा एकदाच तिथे आली. दारात उभी राहिली, ते बघेपर्यंत थांबली.

"तुम्ही का सांगितलंत?"

"तुझ्यावर नाही नाही ते लिहून आलं होतं. उगाच."

"आलं तर आलं. मला काय झालं असतं?" तिचा आवाज नेहमीपेक्षा खूप खाली होता. यंत्र लावूनही सरांना तो ओठांवरूनच समजून घ्यावा लागला. "आम्ही कुणीच सांगितलं नव्हतं, सर. एकानेही नाही."

सर काही बोलणार, तोवर ती जिना चढून गेली होती.

त्यांच्या जागी तरुण मास्तर आले. हुशार होते, कानही तिखट. तास मुकाट्याने चालायचा. जिन्याखालून सरांना ते कळत नसे. शाळा सुटल्यावर मुलं येता-जाता हात करत, एवढंच.

उन्हाळ्याच्या सुट्टीआधीच्या शेवटच्या शनिवारी सर फाटकातून बाहेर पडले, तेव्हा एक माणूस सायकल धरून उभा होता. बोटांच्या पेरांत काळी शाई मुरलेली होती, छापखान्यातली. शेजारी दप्तर घेऊन भोंगा.

"सर!" तो ओरडलाच. रस्त्यावरची दोन माणसं वळून बघायला लागली. "हिचा बाप मी. तुमचे आभार मानायचे राहिले होते. तुमचा शेरा आला आणि मग हे बघा." त्याने फोन पुढे केला. "बाक क्रमांक तीन. अनावश्यक बोलणं, काही नाही. लक्षणीय सुधारणा. सलग तीन महिने! घरीसुद्धा चकार शब्द नाही काढत आता. शहाणी झाली पोरगी."

सरांनी फोनकडे पाहिलं, मग तिच्याकडे. ती दप्तराचा पट्टा नीट करत होती.

"नाटकाचं काय झालं?" सरांनी विचारलं. "राणीचं काम होतं ना हिला?"

"आँ?" बापाने कानामागे पंजा धरला आणि वाकला. "काय म्हणालात? मशीनवर उभं राहून राहून कान गेलेत माझे."

सर तिच्याकडे वळले. दोघंही तिच्याकडे बघत होते.

ती मान खाली घालून सायकलच्या मागच्या सीटवर जाऊन बसली.