सातवं कासव

बायको मुलीच्या बाळंतपणाला गेली तेव्हा तिने मला दोनच गोष्टी बजावल्या: गॅस बंद करा आणि कासवं मोजा. आमच्या बागेत हातभर उंच फळ्यांचं कुंपण आहे, त्यात तिची सहा कासवं राहतात. आत पाण्याची उथळ परात, ऊन खायला फरशी, लपायला उलटं घातलेलं लाकडी खोकं. मी शिंपी माणूस. चाळीस वर्षं लोकांच्या छात्या मोजल्या, सहा कासवांचं ते काय एवढं!

एरवी बागेतलं माझं काम एकच. फळीला बाहेरून घूस मातीचा ढीग लावते, तो मी दर शनिवारी फावड्याने सपाट करतो. या वेळी कंबर धरली होती, त्यामुळे तेही राहिलं.

पहिल्या आठवड्यात पाच भरली, मग सहा, पुन्हा पाच. एखादं मातीत घुसलेलं असायचं. दुसऱ्या आठवड्यात मात्र सात झाली. चष्मा पुसला, सहा. खोकं उचललं, सात. डोकं भणभणलं. शेवटी दुकानातला खडू आणला आणि एकेकाला धरून पाठीवर आकडा घातला. सहा आकडे संपले, आणि फरशीवर एक कोरं कासव खुशाल ऊन खात बसलेलं.

शेजारच्या नर्सबाईंना विचारलं, "तुम्ही आणून सोडलं का हो?"

"काका, मला माझी माणसं सांभाळून होईनात. पिल्लू झालं असेल."

पिल्लू! दोन्ही हातांनी उचलावं लागत होतं. उचलून तिरपं धरलं. पाठीच्या डाव्या कडेला कुत्र्याने तोडलेला टवका होता.

आता खरं सांगणं भाग आहे. हे बायकोच्या दादाचं कासव. जाण्याआधी त्याने ते तिच्या हातात दिलं होतं. ती त्या कासवाला म्हातारा म्हणायची. नऊ वर्षांपूर्वी ती ऑपरेशनसाठी दवाखान्यात असताना मी कुंपणाचं दार उघडं टाकलं आणि म्हातारा पसार झाला. तिचे टाके ओले, भावाला जाऊन वर्षही झालेलं नाही. माझी जीभ रेटेना. तसंच दुसरं कासव शोधून आणून ठेवलं. त्यालाही टवका होता, पण उजव्या कडेला. शिंप्याला डावं-उजवं कळू नये? ती काही बोलली नाही. मीही गप्प बसलो.

आणि आता दोन म्हातारे! रविवारी ती येणार, आणि नऊ वर्षांचं खोटं उघडं पडणार. नकली म्हाताऱ्याला नर्सबाईंच्या गळ्यात मारावं म्हणून टोपलीत घातलं, तर त्याने मान बाहेर काढून माझ्याकडे पाहिलं. रोज माझ्या हातची काकडी खाणारा जीव तो. पुन्हा आत ठेवला. मग काय, खऱ्याला हाकलू? छे! शिवाय तो आत आलाच कसा? दार बंद, फळ्या धड. कासवाला काही पंख फुटत नाहीत. विचार करून करून मी घरात दोनदा गॅस तपासला.

ती शनिवारीच आली. पिशवी ओट्यावर ठेवून तडक बागेत. "खडूने काय गिरगटलंय हे?" म्हणत ती खाली बसली, आणि कोऱ्या पाठीपाशी तिचा हात थांबला. तिने डाव्या कडेवरून बोट फिरवलं.

"आलास?" एवढंच म्हणाली आणि रडायला लागली.

मी सगळं ओकून टाकलं. दार, दवाखाना, उजवा टवका.

"पहिल्या दिवशीच कळलं होतं मला," ती पदराने डोळे पुसत म्हणाली. "तुम्ही आपणहून सांगाल म्हणून थांबले."

"नऊ वर्षं?"

"नुसती थांबले नाही हो. फळीला बाहेरून मातीचा उतार करून ठेवायचे. म्हटलं, कधी परत आला तर चढून आत पडेल, आणि आतल्यांना काही बाहेर जाता येणार नाही. पण मेली ती घूस! दर आठवड्याला सगळं सपाट करून टाकायची. या वेळी कशी राहिली कोण जाणे."

फावडं भिंतीला टेकून उभं होतं. मी त्याच्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"अगं," मी म्हणालो, "ती घूस मीच."