दुपारचं मोहफूल

सकाळीच ते घडलं. मूल गावच्या बाजारओळीतल्या वारलू सोनाराच्या दुकानात 'फट्' असा आवाज झाला आणि त्याच्याच चिमट्यातला सोन्याचा मणी फुटून काळा पडला.

रुखमाबाईंची माळ होती ती, मोहफुलांची. प्रत्येक मणी फुलासारखाच गोल, पोकळ, तोंड उघडं. चेपू नये म्हणून आत लाख भरलेली. चिरलेला मणी डाग देऊन सांधायच्या आधी ती लाख काढायची असते, नाहीतर आचेने फुगून ती मणीच फोडते. सारा जन्म हेच काम केलेले हर्षाचे सासरे, वारलू मामाजी, आज विसरले.

"तू कर आता," ते हर्षाला म्हणाले आणि फुंकणी तिच्यापुढे सरकवून बसून राहिले.

"मी? मले फक्त नथीचे डाग येतात, मामाजी."

"माहा हात थरथरते. पोरगा गडचांदूरले सिमेंट कंपनीत. मंग कोन करन?"

संध्याकाळी रुखमाबाईंच्या लेकीची, आचलची हळद. ती माळ गळ्यात पडल्याशिवाय त्यांच्या घरात मुलीला हळद लागत नाही. हर्षाचा चैतू तर दात येतात म्हणून रात्र रात्र जागा, तीही जागी. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं झालेलं.

नमुन्याला खरं फूल समोर ठेवायची मामाजींची रीत. पण मोहफुलांचा हंगाम संपून गेलेला, वैशाख लागलेला. हर्षाने डब्यातली वाळलेली फुलं वाटीत भिजत घातली. चैतूला पाजेपर्यंत ती फुगली. फुटक्या मण्याचं सोनं आटवून मामाजींनी कसाबसा पत्रा काढून दिला. तिने तो भिजल्या फुलाकडे बघत ठोकला, वाकवला, कडा कानसीने सारख्या केल्या. बारीक कीस फळीवर सांडत होता. दुपार झाली. चैतू एकदाचा पंख्याखाली झोपला.

आता फक्त सांध्याला डाग द्यायचा होता. आणि पंखा चालू असला की फुंकणीची ज्योत धड राहत नाही.

ती बटणापाशी बराच वेळ उभी राहिली.

"कर बंद," मामाजी हळूच म्हणाले.

पंखा थांबला. उकाडा अंगावर येऊन बसला. हर्षाने फुंकणी तोंडात धरली, गाल फुगवले. ज्योत मण्यावर वळली. सोनं लाल होत आलं, आणि चैतू किंचाळून उठला.

डाग वितळायच्या बेतात होता. आता फुंकर तोडली तर सगळं मातीत. ती फुंकत राहिली, डोळ्यांतून पाणी गळत राहिलं. मामाजी उठले. ज्या हातांनी चिमटा धरवत नव्हता, त्या हातांनी त्यांनी नातवाला उचललं आणि ओला पंचा त्याच्या डोक्यावर टाकून दारात नेलं. "उगी रे माह्या राजा, उगी. माय फुलं करून राह्यली."

मुलाच्या हुंदक्यासरशी हर्षाचाही श्वास अडखळला. ज्योत हलली. सांधा जुळला, पण फुलाचं तोंड एका बाजूला कललं.

दुसरं करायला वेळच नव्हता. मणी उजळून, लाख भरून ती ओवत होती, तोच रुखमाबाई दारात.

"झाली का वो माय? हळद वाटून बसल्या बाया!"

"मावशी, जुना मणी फुटला आमच्या हातून. हा नवीन केला. नीट नाई झाला."

रुखमाबाईंनी माळ उजेडात धरली. नख कललेल्या फुलावर थांबलं. मामाजींनी मान खाली घातली.

"नवा काऊन म्हनते? सोनं तं माह्या मायचंच नं?"

"हो. तेच आटवलं."

"मंग झालं." त्या हसल्या. "पहाटे येचलं तं टच्च रायते मोहफूल. दुपारी येचशील तं असंच. तुह्यासारखं, मान टाकलेलं. पन मागं घाल बापा याले, केसाखाली. सासरच्या बायांचे डोळे लय तिखट."

हर्षाला जरा लागलं. पण तिने गाठ सोडून मणी मागे घेतला. रुखमाबाई माळ पदरात बांधून लगबगीने गेल्या.

मामाजींच्या खांद्यावर चैतू पुन्हा झोपला होता. त्यांनी त्याला अलगद खाली ठेवलं. हर्षाने पंख्याचं बटण दाबलं.

पंखा फिरला आणि फळीवरचा सोन्याचा कीस राखेसकट खोलीभर उडाला. झाडून घ्यायचाच राहिला होता. एरवी अशा चुकीला मामाजींनी घर डोक्यावर घेतलं असतं. ती धावली, हात बटणाकडे गेला.

"राहू दे," ते कुजबुजले. "झोपू दे त्याले."

आणि जरा थांबून, "तू बी पड. उद्या झाडू."