मागचे पिवळे पंख

माझे सासरे संग्रहालयात पतंग टाचणीने मांडतात आणि कुठला पतंग कुठे आढळतो त्याचे नकाशे रंगवतात. पतंग स्वतः पाहिल्याशिवाय नकाशावर ठिपका द्यायचा नाही, हा त्यांचा नियम. माणूस महाहट्टी. त्यांची एकुलती एक लेक मी इतक्या लांब आणली, म्हणून लग्नानंतर त्यांनी आमच्या घरात पाऊल टाकलं नव्हतं. फोनवर माझी चौकशी "तुझा तो" अशी व्हायची.

हिला दिवस गेले तशी ही बाबांसाठी झुरायला लागली. पण 'या' म्हणेल तर शपथ! शेवटी लेक त्यांचीच. मग तिने शक्कल लढवली.

बाबांचा एक लाडका पतंग आहे. ते त्याला नखुल्या म्हणतात, कारण तो जेमतेम नखाएवढा. पुढचे पंख वाळक्या पानाच्या रंगाचे, त्यांवर एक पांढरा ठिपका, मागचे पंख पिवळेधमक. उष्ण, दमट रानातला जीव. नकाशावर आमच्या गावाच्या उत्तरेला त्याचे ठिपके आहेत, दक्षिणेलाही आहेत, मधे आम्ही कोरे.

"बाबा, न्हाणीघराच्या भिंतीवर नखुल्या बसलाय," तिने फोनवर सांगितलं.

"कसा दिसतोय?"

तिने लहानपणापासून पाठ असलेलं सगळं घडाघडा म्हणून दाखवलं. तपकिरी, पांढरा ठिपका, मागचे पंख पिवळे.

"पिवळे?" त्यांनी पुन्हा विचारलं, मग म्हणाले, "मारू नकोस. मी येतो."

भिंतीवर अर्थातच काही नव्हतं.

ते आले. पिशवीतून जाळी निघाली नाही, हिची लहानपणची दुलई निघाली. ती पाहून हिला रडूच फुटलं.

"बाबा, तो... उडून गेला."

"बसलाच नव्हता," ते म्हणाले. "जिवंत नखुल्या पंख मिटून बसतो. मागचं पिवळं झाकलेलं असतं. ते दिसतं आमच्या पेटीत, पंख पसरून टाचणी लावलेल्याचं. तू पेटीतलेच पाहिलेस."

"म्हणजे फोनवरच कळलं तुम्हाला? मग आलात कशाला?"

"तू बोलावलंस ना."

माझा त्यांच्यावरचा सगळा राग तिथेच विरला. त्यांनी तिचे डोळे पुसले, मला चहा टाकायला सांगितलं, आणि तरीही एकदा न्हाणीघराची भिंत बघून आले.