कोठीत सोंडे झाले तेव्हा

मित्रांनो, भोपाळमध्ये कोलार रोडवरच्या एका इमारतीत शमिका नावाची मुलगी राहते. ती आणि तिची आजी ज्या खोलीत झोपतात, त्या खोलीच्या कोपऱ्यात पत्र्याची एक उंच कोठी उभी आहे. तीच मी. माझ्या पोटात वर्षाचे गहू असतात, अंगावर शमिकाने चिकटवलेले मांजरांचे स्टिकर असतात आणि डोक्यावर रजयांचं गाठोडं असतं. दिसायला मी ढब्बू आणि निवांत वाटते. पण खरं सांगते, माझ्याइतकी काळजी करणारी वस्तू या घरात दुसरी नाही. पंखा आपल्याच नादात गरगरतो, कपाट ढिम्म उभं असतं, आणि मी मात्र दिवसभर विचार करते. झाकण नीट लागलंय ना? भिंतीला ओल तर आली नाही? आत काही हललं का?

माझा जन्म जवाहर चौकाजवळच्या एका छोट्या दुकानात झाला. श्याम नावाच्या कारागिराने पत्रा वाकवला, ठोकला, सांध्यांना डाग दिला आणि गहू काढायला खाली एक छोटं दार बसवलं. मला न्यायला मधुकरराव आले होते. ते अमरावतीकडचे. कारखान्यात टेक्निशियन म्हणून नोकरी लागली, म्हणून भोपाळला आले होते. त्यांनी माझ्या एकेका सांध्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, यातून मुंगी आत गेली तर मी पैसे परत मागायला येईन. श्याम हसला. मी मात्र तेव्हापासूनच मुंग्यांचा विचार करायला लागले.

कारखान्याच्या क्वार्टरला मागे अंगण होतं. तिथले माझे दिवस फार चांगले गेले. वैशाखात नवे शरबती गहू आले की मधुकररावांच्या पत्नी वैजयंतीबाई ते चाळून, पाखडून अंगणात पातळ पसरत. चांगली कडक उन्हं खाऊ घालत. संध्याकाळी गहू आत आणले की लगेच कोठीत भरायचे नाहीत, हा त्यांचा नियम. चादरीवर पसरून ते पार गार होऊ द्यायचे. कडुलिंबाचा पाला आधीच सावलीत वाळवून ठेवलेला असे. हातात धरला तर चुरचुर वाजला पाहिजे, नाहीतर त्या त्याला माझ्याजवळ फिरकू देत नसत. मग गव्हाचा एक थर, पाल्याचा एक थर, असं करत माझं पोट भरायचं. पावसाळाभर मी ठणठणीत असे. शेजारच्या बायका येऊन माझ्यात हात घालून बघत आणि वैजयंतीबाईंचं कौतुक करत. माझं कोणी केलं नाही, पण मी ते आपलंच समजून घेत असे.

त्यातल्याच एका शेजारणीने, कल्पनाबाईंनी, एकदा विचारलं होतं की एवढा व्याप कशाला, बाजारात गव्हात ठेवायच्या गोळ्या मिळतात, त्या का टाकत नाही? वैजयंतीबाईंचा चेहरा एकदम उतरला. मुलं जवळ नाहीत असं पाहून त्यांनी सांगितलं. त्यांच्या माहेरच्या गावी एका घरात त्या गोळ्या धान्यात टाकल्या होत्या. पावसाची रात्र, दारं-खिडक्या बंद. धान्याच्या खोलीत नवरा-बायको आणि त्यांचं लेकरू झोपलं होतं. गोळ्यांचा विषारी वायू झाला आणि सकाळी तिघांपैकी कोणी उठलं नाही. कल्पनाबाई उठून घरी गेल्या. मुलांसमोर मात्र वैजयंतीबाईंनी ही गोष्ट कधी काढली नाही. मी ती विसरले नाही. विसरणं मला जमतच नाही.

पुढे मधुकरराव निवृत्त झाले आणि काही वर्षांनी गेले. त्यांचा मुलगा कौस्तुभ याने कोलार रोडला फ्लॅट घेतला आणि मला इथे आणलं. स्वयंपाकघरात मला जागा नव्हती, म्हणून वैजयंतीबाई आणि त्यांची नात शमिका यांच्या खोलीत उभं केलं. इथे अंगण नाही. गच्ची आहे, पण तिला सोसायटीचं कुलूप असतं. कौस्तुभ एकदा म्हणालाही, की आता तयार आट्याच्या थैल्या मिळतात, ही कोठी भंगारात देऊ. माझा जीव तेव्हा थरथरला. पण त्याची बायको मंजूषा म्हणाली की आईंना घरच्या गव्हाचीच पोळी लागते, राहू दे. तेव्हापासून मंजूषा मला फार आवडते. म्हणूनच पुढचं सांगताना वाईट वाटतं.

या वर्षी वैजयंतीबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. त्या पलंगावर होत्या, म्हणून गहू भरायचं काम मंजूषाने अंगावर घेतलं. आईंना काही त्रास द्यायचा नाही, सगळं आपण करायचं, असं तिने ठरवलं होतं. तिने बाल्कनीत गहू वाळवले. इमारतीखालच्या झाडाचा कडुलिंब आणला. आता मंजूषाची स्वच्छता म्हणजे विचारू नका. ती भेंडीसुद्धा एकेक पुसून घेते. रस्त्यावरच्या झाडाची धूळ गव्हात नको, म्हणून तिने तो पाला पाण्याने स्वच्छ धुतला, फडक्यावर थोडा निथळू दिला आणि तसाच हिरवा, ओलसर माझ्यात घातला. गहूसुद्धा बाल्कनीतून उचलले ते गरम गरमच आत ओतले. मग झाकण घट्ट दाबलं आणि समाधानाने हात झटकले.

मला आतून घाम फुटला. खरोखर फुटला. गव्हाची वाफ वर आली आणि झाकणाखाली तिचे थेंब झाले. ते पाल्यावर पडू लागले. झाकण उघड गं बाई, असं मी किती वेळा मनात म्हटलं. पण पत्र्याचं मनातलं कोणाला ऐकू जातं?

पाऊस सुरू झाला आणि माझ्या पोटात खाजवल्यासारखं होऊ लागलं. आधी एका कोपऱ्यात, मग सगळीकडे. सोंडे झाले होते. काळपट, बारीक, पुढे सोंड असलेले किडे. एकेक गहू आतून पोखरून पीठ करून टाकत होते. मधुकररावांनी ज्या सांध्यांवरून अंगठा फिरवला होता, त्याच सांध्यांवरून आता ते बिनदिक्कत चालत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

एक दिवस शमिकाच्या उशीवर मंजूषाला तीन-चार सोंडे दिसले. तिने खालच्या दारातून गहू काढून पाहिले, तर त्यांतही सोंडे वळवळत होते. आजी तेव्हा आंघोळीला गेल्या होत्या. मंजूषाने उशी झटकली, जमीन पुसली आणि कोणाला काही सांगितलं नाही. इतक्या वर्षांत आईंनी भरलेल्या गव्हात कधी किडा झाला नाही आणि आपण एकदा भरले तर हे झालं, असं तिला वाटत असणार. त्यानंतर ती दर वेळी गुपचूप गहू चाळून दळायला देऊ लागली. सोंडे काही कमी झाले नाहीत. शेवटी तिने कौस्तुभला सांगितलं आणि आईंना कळू देऊ नका अशी गळ घातली.

कौस्तुभने हे खालच्या मजल्यावरच्या अक्षयला सांगितलं. अक्षय मिसरोदच्या एका धान्याच्या गोदामात काम करतो. मनाने चांगला आहे, पण गोदाम आणि घर यातला फरक त्याला उमगलेला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आजी आंघोळीला गेल्या असताना तो घट्ट झाकणाची एक छोटी डबी घेऊन आला. तिच्यावर ना नाव होतं, ना सूचना.

"टेन्शन नको घेऊ यार," तो खोलीच्या दारात उभा राहून हळू आवाजात म्हणाला. "दोन गोळ्या टाक, एकदम साफ. बस, आज रात को इस कमरे में मत सोना. उद्यापासून नॉर्मल."

मित्रांनो, ते ऐकून मी गारठले. वैजयंतीबाईंनी सांगितलेल्या त्याच या गोळ्या. त्यांचा वायू एका रात्रीत संपत नाही. तो दिवसचे दिवस निघत राहतो आणि माझ्या झाकणाच्या फटीतून बाहेर येतो. गोदामात मोठमोठे दरवाजे असतात, माणसं लांब राहतात. इथे माझ्यापासून हातभर अंतरावर शमिकाची उशी आहे.

कौस्तुभला ऑफिसची घाई होती. संध्याकाळी येऊन टाकतो म्हणाला. मंजूषाने डबी माझ्या डोक्यावरच्या रजयांमागे सरकवली. तो दिवस मी कसा काढला ते माझं मला माहीत. आजी पलंगावर बसून गुडघ्याचे व्यायाम करत होत्या. त्या गोळ्यांनी काय होतं ते त्यांना माहीत होतं, माहेरच्या गावची ती गोष्ट त्यांच्याजवळच होती, आणि त्यांच्यापासूनच सगळं लपवलेलं होतं. त्यांची पाठ माझ्याकडे होती. बाहेर पाऊस होता, म्हणून खिडकी बंद होती. शमिका शाळेतून आली, पलंगावर उभी राहून माझ्या अंगावर आणखी एक मांजर चिकटवू लागली. तिचं डोकं त्या डबीच्या किती जवळ होतं! कशाने तरी माझा पत्रा वाजावा, रजया पडाव्यात, काहीतरी व्हावं, असं वाटत होतं. काही झालं नाही.

संध्याकाळी कौस्तुभच्या गाडीचा आवाज आला, तशी मंजूषा आत आली आणि शमिकाची उशी, पांघरूण गोळा करू लागली. आजींना म्हणाली की आज तुम्ही दोघी हॉलमध्ये झोपा, इथे जरा आवरायचंय. आजी म्हणाल्या, हॉलमधला दिवाण फार बुटका आहे, माझा गुडघा वाकत नाही, मी इथेच झोपते. मंजूषा म्हणाली, एकच दिवस. आजी म्हणाल्या, का पण? मंजूषा काहीबाही सांगू लागली. पंखा आवाज करतो, पावसाने भिंत ओली आहे. पंखा तर बिचारा गप्प फिरत होता.

कौस्तुभ आत आला. त्याने रजयांमागे हात घालून डबी काढली आणि आईला दिसू नये म्हणून मुठीत धरली. दुसरा हात माझ्या झाकणावर ठेवला. आई बाहेर जायची वाट पाहत तो तसाच उभा राहिला. मंजूषाने त्याच्याकडे पाहिलं, शमिकाकडे पाहिलं, हातातल्या उशीकडे पाहिलं आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"आई, माझ्यामुळे गव्हात सोंडे झालेत," ती म्हणाली. "सगळ्या कोठीत झालेत. तुम्हाला सांगायची हिंमत झाली नाही. हे आता त्यात गोळ्या टाकणार आहेत."

वैजयंतीबाई ताडकन उठल्या. ऑपरेशननंतर आधाराशिवाय त्या पहिल्यांदाच उभ्या राहिल्या असतील.

"झाकणावरचा हात काढ, कौस्तुभ," त्या म्हणाल्या. "ती डबी उघडू नकोस. आधी घराबाहेर ने."

त्यांचा आवाज ऐकून कौस्तुभने काही विचारलंसुद्धा नाही. डबी तशीच बंद घेऊन तो खाली गेला. तो परत आल्यावर आजींनी शमिकाला शेजारी खेळायला पाठवलं आणि माहेरच्या गावातली ती गोष्ट मुलाला आणि सुनेला पहिल्यांदा सांगितली. कौस्तुभ दाराला टेकून उभा होता. त्याने शमिकाच्या पलंगाकडे पाहिलं आणि तोंडावरून हात फिरवला. मग त्याने ते सगळं अक्षयलाही सांगितलं. ती डबी त्याने गोदामात परत दिली.

पाऊस उघडला तसा कौस्तुभने सोसायटीच्या सेक्रेटरींना गाठून गच्चीची किल्ली मागून आणली. आजींना खुर्चीसकट लिफ्टमधून वर नेलं. गहू बाहेर काढले, चाळले, पोखरलेले वेगळे काढले आणि बाकीचे चादरींवर पातळ पसरले. उन्हाचा चटका बसला तसे सोंडे सैरावैरा पळू लागले. शमिका झाडू घेऊन त्यांच्या मागे आणि कबुतरांच्या मागे धावत होती. मलाही वर नेऊन आडवं केलं, सांध्यांमधून ब्रश फिरवला, कोरड्या फडक्याने पुसलं आणि उन्हात तापवलं. चारचौघांत असं रिकामं पोट दाखवत पडायची लाज वाटली, पण बरं फार वाटलं. ऊन असेल तेव्हा तेव्हा हे चाललं, कारण किड्यांची अंडी दाण्याच्या आत असतात आणि एका दिवसात मरत नाहीत. कडुलिंबाचा पाला धुतला तरी चालेल, पण मग सावलीत पार कुरकुरीत वाळव, असं आजींनी सांगितलं. गहू गार झाल्याशिवाय हात लावायचा नाही, हेही सांगितलं.

"तुमच्या हातून कधी असं झालं नाही, म्हणून मला तोंड दाखवायची लाज वाटत होती," मंजूषा गहू चाळता चाळता म्हणाली.

 आजींनी तिचा हात धरला.

"मला माहीत होतं गं," त्या म्हणाल्या. "पोळीला वास येत होता, तेव्हाच कळलं होतं. तुला वाईट वाटेल म्हणून मी बोलले नाही."

मंजूषा रडली. आजीही रडल्या. मला मात्र राग आला. एक लाजेने गप्प, दुसरी मायेने गप्प, आणि त्या दोघींच्या मधे ते लेकरू झोपत होतं.

आता मी पुन्हा माझ्या कोपऱ्यात आहे. माझ्यात कोरडे, गार गहू आहेत. परवा दुपारी शमिका माझ्या शेजारी झोपली होती. झोपेत तिचा पाय माझ्या पत्र्याला टेकला होता. मी किती तरी वेळ नुसता तिचा श्वास ऐकत राहिले.

मित्रांनो, धान्याला ऊन द्या, पाला नीट वाळवा, कोठीतही कधीमधी डोकावून बघा. किडे झाले तर झाले, ते चाळता येतात. त्या गोळ्या मात्र घरात येऊ देऊ नका. आणि तुमच्या हातून काही बिघडलं, किंवा दुसऱ्याच्या हातून बिघडलेलं तुम्हाला दिसलं, तर त्याच दिवशी सांगून टाका. मला सगळं दिसत होतं आणि बोलता येत नव्हतं. तुम्हाला येतं.